पोरीच्या दप्तरातली लव्हस्टोरी आणि आपली पोटदुखी

स्पष्टच लिहितो. राग आला तर येऊ द्या.

जळगाव असो की धुळे, नववी-दहावीतल्या पोरीच्या दप्तरात एखादी प्रेमकथा सापडली की घरात पंचायत बसते. "हे काय थिल्लर वाचते? जरा चांगलं साहित्य वाच!"

ठीक आहे. चांगलं साहित्य म्हणजे काय, ते तरी बघू.

शाकुंतल चांगलं साहित्य ना? गोष्ट काय आहे त्यात? आश्रमातली पोर, बाहेरून आलेला राजा, वडील घरी नसताना लागलेलं लग्न आणि नंतर राजाने ओळखच न दाखवणं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याचं संगीत नाटक केलं, मराठी माणसाने डोक्यावर घेतलं. त्यानंतरचं सौभद्र तर सरळ सरळ पळून जाऊन लग्न करण्याची गोष्ट! आजोबांनी त्यातली पदं गुणगुणली तर ती संस्कृती. नातीने तसंच कथानक मोबाईल-कॉलेजच्या जमान्यातलं वाचलं तर ती बिघडली?

दुसरा आक्षेप असतो, "जुन्या अभिजात पुस्तकांची ही स्वस्त नक्कल आहे." अहो, शॉने 'पिग्मॅलियन'ची कल्पना ग्रीक पुराणकथेतून उचलली. पुलंनी शॉवरून १९७५ मध्ये 'ती फुलराणी' केलं. नाव घेतल्याबरोबर आठवतात ते आपल्या धरणगावचे बालकवी! जुनी गोष्ट आपल्या मातीत, आपल्या बोलीत पुन्हा सांगणं ही चोरी नाही. आपली परंपराच ती आहे.

आणि जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'? १८१३ चं पुस्तक. पाच पोरींची आई, डोक्यात एकच घोर, पोरींची लग्नं. गावात पैसेवाला पोरगा आला की पहिली चौकशी उत्पन्नाची. ही गोष्ट तर खानदेशातच घडायला हवी होती! "पोऱ्या नोकरीले शे का? वावर कितलं शे? बागायत का कोरडवाहू?" हे कोणी अमळनेर-शिरपूरच्या पार्श्वभूमीवर, अहिराणीची फोडणी देऊन, सोळा वर्षांच्या पोरीसाठी लिहिलं तर हसत हसत वाचेल ती. आणि हसता हसता विचारही करेल.

इथेच खरी पोटदुखी आहे, बरं का.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. धुळे जिल्ह्याचा आकडा त्याहून वर. सतराव्या वर्षी पोरीला बोहल्यावर चढवताना आपल्याला तिचं वय आठवत नाही. तिने त्याच वयात प्रेमाची गोष्ट वाचली की मात्र "हे काय वय आहे का?" संसार करायचं वय झालं, पण संसाराबद्दल वाचायचं वय झालं नाही. वा रे न्याय!

शकुंतलेची गोष्ट नीट वाचलेली पोर नुसत्या अंगठीवर आणि वचनावर विश्वास ठेवताना दहा वेळा विचार करेल. नुसती बंदी घातलेली पोर काय करेल? चोरून मोबाईलवर जे मिळेल ते वाचेल.

हो, यातलं बरंचसं लेखन सुमार असतं, मान्य. पण त्यावर उपाय पुस्तक हिसकावणं नाही, बरं पुस्तक हातात देणं आहे. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'नंतर नववीतल्या मुलामुलींच्या मनातलं सांगणारी किती मराठी नावं तुम्हाला पटकन सुचतात? १९५२ नंतर २०२४ मध्ये अमळनेरला पुन्हा अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, मांडव भरले, आपली छाती फुगली. आता तेरा ते सतरा वयासाठी गावोगावच्या वाचनालयांत एक वेगळं कपाट तरी होऊ द्या. बालगोष्टी आणि 'कोसला' यांच्या मधली पायरीच आपण बांधलेली नाही, आणि वरून ओरडतो की पोरं मराठी वाचत नाहीत!

लिहिणाऱ्यांनो, लिहा. ग्रंथपालांनो, कपाट करा. आणि आईबापांनो, ते पुस्तक हिसकायच्या आधी एकदा स्वतः वाचा.

सहमत नसाल तर खाली भांडा. पण वाचून भांडा.