गळ्यात मारलेले खजिनदारपद

अंधेरी असो वा मुलुंड, गृहनिर्माण संस्थेत दर पाच वर्षांनी व्यवस्थापक समितीची निवडणूक होते. समितीत अध्यक्ष व सचिवपदासाठी चुरस असते. खजिनदारपद मात्र ‘तुम्ही बँकेत होतात ना?’ असे म्हणत एखाद्या निवृत्त काकांच्या गळ्यात मारले जाते.

सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले. प्रारंभी एका खात्यातून अवघे १,००० रुपये काढता येत होते. अनेक गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी त्यात अडकल्या. बँकेने दडवलेली कर्जे कोणाही खजिनदाराला दिसणे अशक्यच होते. परंतु सारी पुंजी एकाच बँकेत न ठेवण्याची दक्षता त्याच्या हाती होती. ज्यांनी ती घेतली, त्यांची लिफ्ट आणि पाण्याची मोटार थांबण्याची वेळ आली नाही.

निधी कोठे ठेवावा, हा प्रश्न वार्षिक सभेत किती सभासद विचारतात? तेथे वाद रंगतो तो पार्किंगचा! हिशेब न विचारणाऱ्या सभासदांना राज्याच्या तिजोरीचा जाब विचारण्याचा अधिकार तरी कसा पोहोचतो? लोकशाहीचा पहिला धडा विधानभवनात नव्हे, सोसायटीच्या सभेतच गिरवावा लागतो. खजिनदार निवडावा, नेमून मोकळे होऊ नये.