पित्ताशयातील खडे : दुखणे ओळखावे कसे?

पर्व संपते, पारणे होते. आठ दिवसांच्या उपवासानंतर मुगाच्या पाण्यावर थांबावे, तर घरातील मंडळी मायेने साजूक तुपाचा शिरा वाढतात. त्याच रात्री चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या गृहिणीच्या पोटात उजव्या बरगडीखाली तीव्र कळ उठते. ओवा, सोडा, आम्लपित्ताची गोळी असे उपचार होतात. दोन-तीन तासांनी कळ आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र ओव्याला मिळते. अशा रीतीने पित्ताशयातील खडे कित्येक घरांत वर्षानुवर्षे अपचनाच्या नावाखाली नांदत असतात.

यकृतात तयार होणारे पित्त पित्ताशयात साठते व दाट होते. स्निग्ध अन्न आतड्यात पोहोचले की ही छोटी पिशवी आकुंचन पावून पित्त पुढे ढकलते. दीर्घ उपवासात तिला आकुंचनाचे कारणच उरत नाही. पित्त साचून राहते, गाळ धरतो. झपाट्याने वजन घटविणाऱ्यांतही खडे होण्याचा संभव वाढतो. स्त्रिया, विशेषतः गर्भारपणानंतर, तसेच स्थूल व मधुमेही व्यक्ती यांना धोका अधिक. पण सडपातळ पुरुषही त्यातून सुटत नाहीत.

बहुतेक खडे मुकेच असतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतात आणि घरभर काळजी पसरते. त्रास नसलेल्या अशा खड्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकला, की मात्र दुखणे सुरू होते. ते उजव्या बाजूस किंवा छातीच्या खाली मधोमध जाणवते, पाठीत अथवा उजव्या खांद्याकडे सरकते आणि मळमळ, उलटी सोबत आणते. जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असले, तरी कळ पुष्कळदा रात्रीच गाठते. कूस बदलून वा ढेकर देऊन ती थांबत नाही; आम्लपित्ताहून तिचे वेगळेपण येथेच ध्यानात येते. छातीखालच्या दुखण्यासोबत घाम व धाप असेल, तर मात्र पित्ताशयाचा तर्क करीत बसू नये. प्रथम हृदयाचा आलेख काढावा.

कळ पाच-सहा तासांनंतरही थांबत नसेल आणि ताप येत असेल, तर पित्ताशयाला सूज आल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी वैद्य उजव्या बरगडीखाली हात दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात; वेदनेने रुग्णाचा श्वास अर्ध्यावरच अडखळतो. वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत मात्र वेदना फसवी सौम्य असू शकते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच फिकट मातकट झाले, तर खडा पित्तनलिकेत उतरला असावा. त्यात थंडी वाजून ताप भरला, किंवा पोटातील तीव्र वेदना आरपार पाठीत जाऊन उलट्या थांबेनाशा झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुसऱ्या प्रकारात स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते आणि ती जिवावर बेतते.

निदानासाठी उपाशीपोटी केलेली सोनोग्राफी बहुधा पुरते. पोट रिकामे असले की पित्ताशय भरलेले राहते आणि खडे स्पष्ट दिसतात. मूत्रखड्यावरचे कुळथाचे कढण येथे उपयोगी पडत नाही, कारण पित्ताचा मार्गच निराळा. तेल व लिंबाचा रस पिऊन ‘खडे पडले’ म्हणून दाखविले जाणारे हिरवट गोळे बहुधा त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात.

वारंवार कळ येत असेल, तर खड्यांसह पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. पूर्वी त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी मुंबईत 1990 साली केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. पित्ताशय गेले तरी यकृत पित्त बनवीतच राहते आणि ते थेट आतड्यात उतरते, त्यामुळे पचन चालू राहते. खडे असल्याचे ठाऊक असलेल्यांनी पुढील दीर्घ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी सोनोग्राफीचा अहवाल वैद्यांना दाखवावा, आणि पारण्याच्या दिवशी तुपाचा डबा जरा उशिरा उघडावा.