मान ‘मोडून’ घेण्याआधी

सलूनमध्ये मानेला झटका देऊन ‘कट्’ आवाज काढण्याची रील्स सध्या जोरात आहेत. पण अचानक उठलेली, पूर्वी कधीच न झालेली तीव्र मानदुखी म्हणजे दर वेळी लचक नव्हे. मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटला, तरी मान अशीच दुखते. तिथे गुठळी झाली तर तरुणपणीही पक्षाघात होऊ शकतो. झटक्याने हा धोका वाढतो. एक्स-रेत ही फाट दिसत नाही. दिसते ती चाळिशीनंतर अनेकांत असणारी मणक्यांची झीज, आणि निदान तिथेच थांबते. सोबत चक्कर, दोन-दोन दिसणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे किंवा एक पापणी उतरणे असेल, तर मालिश नको. १०८ला फोन करा. तिथे सीटी अँजिओग्राफीसारखी तपासणी हवी.