दोन तेलं आणि एक वही



२९ मार्च २०२२ची संध्याकाळ मला अजून टोचते. इस्तंबूलमध्ये रशिया आणि युक्रेनची बोलणी चालू होती. कीव्हभोवतीच्या लष्करी हालचाली कमी करू, असं रशियाने म्हटल्याची बातमी टीव्हीवर आली, आणि पाठोपाठ कच्च्या तेलाचा भाव उतरल्याचीही. हे म्हणाले, "बरं झालं, थांबेल आता." आणि माझ्या मनात काय आलं? 'अरे, आता माझा शेअर पडणार!'

मी बी.कॉम., म्हणून घरचे शेअर मीच बघते. तेल काढणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर आमच्याकडे होते. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं, त्या एका दिवसात सेन्सेक्स २,७०० अंकांनी कोसळला. पण रशियाचं तेल अडेल या भीतीने कच्चं तेल ७ मार्चला पिंपाला १३० डॉलरच्या वर गेलं, आणि सगळ्या लाल आकड्यांत आमचा तेवढा एक शेअर हिरवा दिसू लागला. त्याच दिवसांत सूर्यफूल तेल महागलं म्हणून मी वाण्याकडे कुरकुरत होते, कारण आपल्याकडे ते मोठ्या प्रमाणावर युक्रेनहून यायचं. एका तेलात तोटा, दुसऱ्यात फायदा. दोन्ही मी वहीत मांडले. तिथे मरणाऱ्या माणसांसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

त्या रात्री सामायिकाला बसले, पण मन लागेना. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अनर्थदंड म्हणजे गरज नसताना केलेलं पाप. त्यातला एक अपध्यान : राग-द्वेषाने दुसऱ्याचा वध, बंधन, नाश मनात घोळवणं. दर चातुर्मासात हे ऐकत आले, आणि वाटायचं, आपण कुठे कुणाचा नाश चिंततो? लोभाच्या पोटीही ते होतं, हे त्या रात्री कळलं. युद्ध लांबावं असं मी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण ते थांबतंय म्हणून हळहळले, ते दुसरं काय होतं?

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तुझ्या मनात आल्याने तिथे एक गोळीही कमी-जास्त होत नाही." खरं आहे त्याचं. बाजाराला माझ्या भावाशी घेणं नाही. पण कर्मबंध तर भावानेच होतो ना? गोळी तिकडे सुटते, मळ इकडे लागतो.

मी युद्धाला सरसकट नावं ठेवत नाही. विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे सुटत नाही, हे आपले आचार्यही मानतात. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय स्वतः गंगांचा सेनापती होता. पण सैनिक लढतो ते कर्तव्य म्हणून. मी सोफ्यावर बसून कुठल्या कर्तव्याने हळहळत होते?

बाहुबलींची कथा आपण मुलांना सांगतो. जिनसेनाचार्यांच्या 'आदिपुराणा'त दोन्हीकडचे मंत्री म्हणतात, भांडण दोघा भावांचं, मग सैन्य कशाला मारायचं? मग भरत आणि बाहुबली एकटेच लढतात : दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. आज राजधान्यांत बसलेले असं करणार नाहीत. पण त्या कथेचा शेवट आपल्यासाठी आहे. बाहुबली तिन्ही जिंकले, आणि हरलेल्या भावाने चक्र सोडलं. राज्याचा लोभ सख्ख्या भावाला कुठे नेतो, हे त्यांनी पाहिलं आणि जिंकलेलं राज्य सोडून ते तपाला निघून गेले.

आपण राज्य सोडणार नाही, आणि शेअर घेऊच नका असंही मी म्हणत नाही. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्यापेक्षा स्वतःची पुंजी असलेली बरी. पण परिग्रह-परिमाण व्रत फक्त दागिने आणि साड्यांसाठी नाही. डीमॅट खात्यालाही मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तो शेअर त्याच आठवड्यात विकला. नफ्याचे पैसे औषधदानाला दिले. तेवढ्याने मन धुतलं गेलं असं म्हणणार नाही, पण तो पैसा घरात ठेववेना. तेव्हापासून एक नियम पाळते. कुठलाही शेअर घेताना स्वतःला विचारते : याचा भाव चढावा म्हणून मला कुणाच्या घरावर संकट यावंसं वाटेल का? उत्तर 'हो' असेल, तर नफा कितीही असो, तो माझा नाही. आणि युद्धाची बातमी लागली की मोबाइलवर भाव बघत नाही. आधी णमोकार म्हणते.

पश्चिम आशियातून पुन्हा तशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा हात सवयीने मोबाइलकडे गेलाच. म्हणजे परीक्षा संपलेली नाही. तुमच्याही घरात डीमॅट खातं असेल, तर आज रात्री प्रतिक्रमणात एवढंच आठवून बघा : आज कुणाच्या दुःखाने आपलं मन किंचित का होईना, सुखावलं का?