शिकवणाऱ्याचे गोल कोण मोजतो?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला मनाई केली होती. ती उठली आणि हे लगेच भांडायला बसले, असं आमच्या सौ. म्हणतात. भांडणच आहे हे. ज्याच्याशी आहे तो माझा सख्खा पुतण्या. पुण्याला असतो आणि हा ब्लॉग नेमाने वाचतो, त्यामुळे पाठीमागे बोलल्याचं पाप मला लागणार नाही.

झालं असं की २०२५ च्या दिवाळीला तो जळकोटला आला होता. त्याच्या आधी आठवडाभर आपला फुटबॉल संघ मडगावला सिंगापूरकडून १-२ असा हरला होता आणि २०२७ च्या आशिया कपातून बाद झाला होता. साहेबांचा पारा चढलेला. सगळा राग खालिद जमील या प्रशिक्षकावर. महिनाभरापूर्वी याच जमीलच्या संघाने ओमानला हरवून मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा यानेच मला आनंदाने फोन केला होता. ते मी त्याला आठवून दिलं नाही. सणासुदीचं कशाला?

संध्याकाळी आम्ही दोघे शाळेच्या मैदानाकडे फिरायला गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी पंधरा-वीस लेकरांना फुटबॉल शिकवत होता. (नाव देत नाही, त्याला आवडणार नाही.) दिवसभर हायवेला पंक्चरचं दुकान, संध्याकाळी ही लेकरं. फी नाही. चेंडू त्याच्या पैशाचे, गोलपोस्ट म्हणून दोन दगड. शाळेत असताना हा आमच्या संघाचा गोल मारणारा गडी होता. जिल्ह्यापर्यंत गेला, पुढे नाही. पुतण्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "काका, हा स्वतः कुठे काय झाला? हा काय शिकवणार?"

मी तेव्हा गप्प बसलो. फराळ झाला, पुतण्या पुण्याला गेला. वाक्य मात्र घरातच राहिलं. पुढे कळलं की गावातले काही पालकही हेच म्हणतात, आणि दोघांनी तर आपली पोरं काढूनही घेतली. म्हणून हा लेख.

तर मुद्दा असा. "जो मोठा खेळला तोच शिकवू शकतो" हे आपण इतक्या सहज बोलतो की ते खरं आहे का, हे कुणी तपासतच नाही. मी तपासलं.

माझा जन्म १९५१ चा. निजामाची राजवट जाऊन तीन वर्षं झाली होती, पण आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे रहीम कोण? मास्तर! बी.ए. झालेले, काचीगुडा, चादरघाट अशा शाळांमधून शिकवलेले, नंतर शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले. कॉलेजात, क्लबात खेळले, पण भारताकडून कधीच खेळले नाहीत. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला.

पुढे १९६२, जकार्ता. जर्नेल सिंग हा बचावपटू. त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. रहीम मास्तरांनी त्याला घरी बसवलं नाही, उपान्त्य आणि अंतिम सामन्यात सेंटर फॉरवर्डला खेळवलं. त्याने दोन्ही सामन्यांत गोल केला, आणि दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आलं. गोल जर्नेलच्या नावावर लागला, आणि तो त्याचाच होता. पण मागे खेळणाऱ्या गड्यात पुढचा खेळाडू ज्याला दिसला, त्याच्या नावावर काय लागलं? मास्तर तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्याच वर्षी जूनमध्ये गेले.

आता पुतण्या म्हणेल, काका, हा अपवाद झाला. ठीक आहे, मग खरोखर मोठा खेळलेला माणूस घेऊ. त्याच हैदराबादचे शब्बीर अली. जातिवंत स्ट्रायकर. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेत भारत आणि इराण संयुक्त विजेते झाले, त्या भारतीय संघाचा हा अठरा वर्षांचा कर्णधार. मग मुंबईत टाटा, कलकत्त्यात ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग. बूट खुंटीला टांगल्यावर ते प्रशिक्षक झाले आणि १९९८-९९ मध्ये त्यांच्या साळगावकर संघाने गोव्याला पहिली राष्ट्रीय लीग मिळवून दिली.

माझ्या ओळखीच्या दहा क्रीडाप्रेमींना मी शब्बीर अली विचारले. तिघांना नाव ऐकल्यासारखं वाटलं. साळगावकरचा प्रशिक्षक म्हणून एकालाही माहीत नव्हते. त्यांना २०११ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला, हा मान मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू. पण तो खेळाडूंचा पुरस्कार. शिकवणाऱ्यांसाठी द्रोणाचार्य आहे. फुटबॉलमध्ये तो १९९० साली नईमुद्दीन यांना मिळाला (तेही हैदराबादचेच!) आणि त्यानंतर थेट २०२२ साली बिमल घोष यांना. मध्ये बत्तीस वर्षं. या बत्तीस वर्षांत देशात कुणी फुटबॉल शिकवलाच नाही का?

म्हणजे पंक्चरवाला मोठा झाला नाही म्हणून त्याला शिकवता येत नाही, आणि जो मोठा झाला त्याचे गोल लक्षात ठेवून त्याचं शिकवणं आपण विसरतो. वाक्यं दोन, चूक एकच. शिकवणं ही वेगळी विद्या आहे, हेच आपल्याला मान्य नाही.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. रशियाचा कॉन्स्टँटिन बेस्कोव्ह हा मॉस्कोच्या डायनॅमो संघाचा नावाजलेला फॉरवर्ड. पुढे सोव्हिएत संघाचा प्रशिक्षक झाला. १९६४ च्या युरोपियन स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला आणि माद्रिदमध्ये, फ्रँकोच्या डोळ्यांदेखत, स्पेनकडून १-२ हरला. युरोपात दुसरा आला म्हणून माणसाला घरी पाठवलं! पुढे स्पार्टाक मॉस्को हा मोठा संघ १९७६ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला, तेव्हा तो बेस्कोव्हच्या हाती दिला. एका वर्षात संघ वर आला, १९७९ मध्ये विजेता झाला. माणूस तोच, विद्या तीच. यावेळी त्याला काम करायला वेळ मिळाला.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याला बोलणं सोपं असतं.

मी शिकवायचो मराठी आणि इतिहास. शाळेत कित्येक वर्षं खेळाचे शिक्षक नव्हते, त्यामुळे खेळाचा तास माझ्याकडे यायचा. मी शिट्टी वाजवायचो, चेंडू टाकायचो आणि लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर तपासायचो. परीक्षा जवळ आली की तो तास व्याकरणाला घ्यायचो, आणि त्याचं मला कौतुक वाटायचं. या मुलाने एकदा मला विचारलं होतं, "सर, डाव्या पायाने मारायला कसं शिकायचं?" मी वर न बघता म्हणालो, "मारत राहा."

हे उत्तर नव्हे, मंडळी. मला येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

हल्ली मी रोज पाच वाजता मैदानावर जाऊन बसतो. परवा तो एका लहानग्याला डावा पाय शिकवत होता. आधी चेंडूच नाही. उजवा पाय कुठे टेकवायचा, तेवढंच वीस वेळा. मग चेंडू त्या पायाशेजारी ठेवला. घोटा ढिला सोडायचा नाही, नजर चेंडूवर, जोर नको. चार हातांवरून, मग आठ हातांवरून. पोराचा पहिला नीट फटका बसला तेव्हा दोन दगडांमध्ये गोलकीपरसुद्धा नव्हता, पण ते जे हसलं! मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" म्हणाला, "कुणीच नाही सर, म्हणून तर मला एवढे दिवस लागले."

कुणी म्हणेल, सर, नुसत्या तळमळीने प्रशिक्षक होता येत नाही, शास्त्रीय प्रशिक्षण लागतं. शंभर टक्के मान्य. फुटबॉल महासंघाचे डी लायसन्ससारखे अभ्यासक्रम असतात, त्याने ते करावेत आणि फी गावाने भरावी. माझी पहिली पावती फाडा. पण "हा काय शिकवणार" म्हणून पोरं काढून घेणाऱ्यांना शास्त्र नको असतं, त्यांना भिंतीवर ट्रॉफी हवी असते.

तेव्हा चिरंजीव पुतणेराव, उन्हाळ्यात सवड काढून या. पाच मिनिटं नको, आठ दिवस. माझ्या शेजारी दुसरी खुर्ची टाकतो. तो काय शिकवतो ते पाहा आणि मग खुशाल भांडा. आणि ज्या दोघांनी पोरं काढली, त्यांच्या घरी मी या रविवारी चहाला जाणार आहे. बोलावणं नाही, तरी जाणार आहे.

बाकी मंडळींनी कॉमेंटमध्ये माझी सालं काढायला हरकत नाही. पण आधी आपापल्या गावच्या मैदानावर एक चक्कर मारून या.

कळावे, लोभ असावा.