गाढवच अडले तर?

अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपण येता-जाता वापरतो. पण गाढवच अडले, तर मालकाने कोणाचे पाय धरायचे?

माझे माहेर घाटावरचे, सासर डिचोलीचे. डिचोली-पेडण्याकडे दावणीला गाय-म्हैस. गाढव सहसा कोणी पाळत नाही. म्हशीचे 'अंग बाहेर आले' की सारे घर धावते. तिथे बाहेर येते ते योनी किंवा गर्भाशय. घाटावरच्या आमच्या 'कत्ते'चे कधी गुदाशय बाहेर येते. त्याला गुदभ्रंश म्हणतात. शेपटीखाली लाल, ओला गोळा दिसतो आणि मालक लाजेने कोणाला सांगत नाही.

खरे तर तो गोळा म्हणजे मूळ आजार नव्हे, तो सतत कुंथण्याचा परिणाम. जुलाब, जंत, अडकलेली लीद, अवघड वीण, यांतले काहीतरी मागे असते. दात बिघडले की चारा नीट चावला जात नाही. पाणी घाण असेल तर गाढव ते प्यायला नाखूश असते. मग लीद सुकते, अडते. कारण तसेच ठेवून गोळा आत ढकलला, तर तो पुन्हा बाहेर येणारच.

डॉक्टर येईपर्यंत कोमट, स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, ओले स्वच्छ फडके लावून ठेवावे, माश्या-कुत्री दूर ठेवावीत. राख, रॉकेल लावू नये, जोर करून ढकलू नये. डॉक्टर कण्यात भूल देतात. सुजेवर आपल्या डब्यातली साखरही चालते. ती सुजेतले पाणी ओढून घेते. मग भाग आत बसवून पिशवीच्या नाडीसारखा टाका घालतात. पुढे मऊ चारा, भरपूर पाणी आणि ओझ्याला सुट्टी. गाढवीण व्याल्यावर फूटभर आतडे बाहेर आले, तर मात्र आतल्या रक्तवाहिन्या तुटलेल्या असू शकतात. वरून बरे वाटले तरी जिवाला धोका असतो.

गाढव दुखणे चटकन दाखवत नाही. मान खाली घालून उभे राहते. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाढवे सुमारे १ लाख २० हजार भरली, २०१२ पेक्षा ६१ टक्के कमी. ज्याच्याकडे आजही एखादे आहे, त्याची चूल बहुधा त्याच्याच पाठीवर पेटते. तेव्हा वाचकहो, असे जनावर दिसले तर हसू नका. मालकाला लाज सोडायला सांगा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट त्याच दिवशी दाखवा.