फ्रेंचच्या वर्गात मराठीला बसू द्या



आपल्याकडे बरीच मुलं अकरावीला फ्रेंच घेतात ती गुण चांगले मिळतात म्हणून. मग प्रश्न सुरू होतात. लिहिलेलं अक्षर उच्चारायचं का नाही? टेबल स्त्रीलिंगी कसं? त्यावर उत्तर मिळतं, "नियमच आहे, पाठ कर." मूल मराठी माध्यमातलं असेल तर घरी वेगळीच काळजी असते, "याचं इंग्रजी कच्चं, फ्रेंच कसं जमणार?" मला ही काळजी पटत नाही. या प्रश्नांची बरीचशी उत्तरं मुलाच्या मराठीतच आहेत.

आधी उच्चार पाहू. फ्रेंचमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. इंग्रजी वळणाने 'ट', 'ड' म्हणणाऱ्या मुलाला ते सोडवावं लागतं, मराठी मुलाला नाही. मुक्या अक्षरांचंही तसंच. आपण 'घर' लिहितो, पण शेवटचा 'अ' म्हणतो का? फ्रेंचमध्ये 'लहान'ला पुल्लिंगी शब्द आहे 'पती'. त्याच्या शेवटी 'त' लिहितात, पण तो मुका. स्त्रीलिंगी करताना पुढे एक स्वर जोडतात. तो स्वर स्वतः मुकाच राहतो, पण 'त'ला बोलता करतो: 'पतीत'.

आता लिंग. भिंत 'ती', पंखा 'तो', दार 'ते' का, हे मराठीत तरी कुणी सिद्ध करून दाखवलंय? आपण ते वापरातून शिकलो. फ्रेंचमध्ये भिंत पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी. लिंगं मात्र दोनच, म्हणजे आपल्यापेक्षा एक कमीच! म्हणून सुटा शब्द पाठ करून घेऊ नका, उपपदासकट म्हणून घ्या.

सगळ्यात जास्त घाबरवणारा भाग क्रियापदाचा. 'तो गेला, ती गेली' हा बदल फ्रेंच लेखनातही होतो. 'मी पोळी खाल्ली' यात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. फ्रेंचमध्ये तसं होत नाही, पण 'मी खाल्लेली पोळी' अशा अर्थाच्या रचनेत, म्हणजे कर्म आधी आलं की, तिथेही रूप कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून समजावताना इथे फळाच फळा भरतो. मराठीतून एक उदाहरण पुरतं. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक तर शिकवावाही लागत नाही.

सगळंच मराठीतून सुटेल असं नाही. घशातून येणारा 'र' ऐकून ऐकूनच जमतो. 'तू' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातला स्वर आपल्याकडे नाही. तो काढायला 'ई' म्हणा, जीभ तशीच ठेवा आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करा.

म्हणून शिक्षकांनो, "पाठ कर" म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, "मराठीत आपण काय करतो रे?" आणि पालकहो, मुलाची मराठी ही फ्रेंचच्या वाटेतली अडचण समजू नका. तिसरी भाषा उभी करायला तीच तर त्याच्या गाठीची पुंजी आहे.